हौदाकाठची खुर्ची

सोमवार, ३ ऑगस्ट

आजपासून मी पॅकिंग शेडची मुकादम. खरं सांगायचं तर हे एक वाक्य लिहिता यावं म्हणूनच ही वही काढली. मिशनच्या शाळेत सिस्टर रोज पानभर लिहायला लावायच्या. शाळा सुटली तसं तेही सुटलं. आज लिहायला बसले तर अक्षर तसंच निघालं, उजवीकडे किंचित कललेलं. जुनी मैत्रीण भेटावी तसं वाटलं.

केळीच्या या बागेत आजवर मुकादम म्हटला की पुरुषच. बायका हौदावर आणि पुरुष शिट्टी घेऊन, अशी रीत. आज साहेबांनी सगळ्यांसमोर शिट्टी माझ्या हातात दिली. "मावशी, सध्या तात्पुरती नेमणूक आहे," म्हणाले. "महिनाअखेरीला खरेदीदार कंपनीच्या बाई पाहणीला यायच्यात. पाहणी नीट पार पडली की तुम्ही कायम." साहेब माझ्या मुलापेक्षाही लहान आहेत, पण बोलणं गोड.

"वाजवून तर दाखवा, मावशी," चिमणी म्हणाली. ही आमच्या हौदावरची सगळ्यात लहान मुलगी. तोंडाला विश्रांती नाही म्हणून चिमणी. मी फुंकली. नुसती हवा निघाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर मागच्या दारी जाऊन सराव केला, तर शेजारचा कुत्रा शेपूट हलवत हजर. मुलगा म्हणाला, "आई, एक तरी कामगार वेळेवर आला."

बुधवार, ५ ऑगस्ट

कामाचं थोडं लिहून ठेवते. बागेतून केळीचे घड तारेला टांगून शेडपर्यंत येतात. पुरुष फण्या सोडवतात आणि पहिल्या हौदात टाकतात. लोखंडी पायांवर उभ्या या हौदाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बायका उभ्या असतो. फणी पाण्यातून उचलायची, वाकड्या सुरीनं तिचे नीट झुबके करायचे, डागी केळं काढायचं आणि चीक धुऊन निघायला दुसऱ्या हौदात सोडायचं. पुढे वजन, कंपनीच्या नावाची चिकटपट्टी, खोकं. केळं आपटलं तर आज दिसत नाही. परदेशी पोचल्यावर काळं पडतं आणि तिथून बोंब येते. म्हणून हात हलका हवा. माझा हलका आहे, हे मी नाही, सगळी शेड म्हणते.

आणि मी कधी बसत नाही. शाळेत सकाळच्या प्रार्थनेला आम्ही ताठ उभ्या राहायचो, आणि सिस्टर रांगेतून जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून इतर मुलींना म्हणायच्या, "असं उभं राहायचं असतं." ती शाबासकी मला जन्मभर पुरली. शेडमध्येही मी तशीच उभी असते. पहिल्या घडापासून शेवटच्या खोक्यापर्यंत.

मुकादमकीचा मान मात्र लगेच कळतो. कालपासून मला कोणी भरलेला ट्रे उचलू देत नाही. हात लावला की कोणीतरी येऊन घेऊनच जाते. "मावशी, जरा इकडे येऊन हे बघा" म्हणून सारखी वजनाच्या टेबलाशी बोलावणी. तिथे टेकता येतं, ते बरंच. पदाला लोक किती मानतात.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

संध्याकाळी गमबूट निघता निघेना. सुनेनं धरून ओढला. घोट्याजवळ पाय निळसर झालाय आणि शिरा दोरीसारख्या वर आल्यात, पण या वयात कोणाच्या येत नाहीत? सून बराच वेळ बघत राहिली. "आई, हे कधीपासून?" मी म्हटलं, "तुझं लग्न व्हायच्या आधीपासून, तेव्हा तुझ्यामुळे नाही." ती हसली नाही. न सांगता गरम पाण्याची बादली आणून ठेवली. ही मुलगी चांगली आहे, पण स्वच्छतेचं वेड फार. मी घरात आले की पाय धुवायला पाणी तयार.

सून माझ्याच शेडमध्ये चिकटपट्ट्या लावते. घरात मला आई म्हणते, शेडमध्ये मावशी. मी तसं सांगितलेलं नाही. तिचं तिनंच ठरवलं. बोलते कमी. मला वाटतं, तिला कशातच फारसा रस नसावा.

आज एक कडक काम केलं. पोरी रिकामे क्रेट उलटे करून त्यांवर टेकतात. क्रेटांना तडे जातात, आणि शेडमध्ये चार बायका टेकलेल्या दिसल्या तर पाहणीला येणाऱ्या बाई काय म्हणतील? सगळे क्रेट बाहेर रचून घेतले. चिमणी म्हणाली, "मावशी, टेकायला भिंत तेवढी राहू द्या."

सोमवार, १० ऑगस्ट

चिमणी हौदात पडली.

क्रेट नाहीत म्हणून बाईसाहेब हौदाच्या कडेवर टेकल्या, आणि कड तर चिकानं बुळबुळीत. पाय वर, डोकं खाली, केळी चहूकडे. बाहेर काढली तर केसांत एक अख्खी फणी. "मावशी," म्हणते, "डाग नाही ना पडला? मला खोक्यात भरा, परदेश बघून येते." हसून हसून माझे डोळे भरले. साहेब बाहेर आले तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडं बंद झाली. त्यांनी हौदातलं पाणी पूर्ण बदलायला लावलं आणि फळ्यावर लिहिलं, कामाच्या वेळी कोणीही कुठेही बसायचं नाही.

मला वाईट वाटलं, पण चूक तिचीच होती. चिमणीच्या अंगात स्थिरता नाही.

मंगळवार, ११ ऑगस्ट

पोरींनी साहेबांकडे स्टुलं मागितली. हौदावरच्या आणि चिकटपट्टीच्या टेबलावरच्या सगळ्या मिळून गेल्या. मला आधी सांगितलंसुद्धा नाही. आणि सगळ्यांना आतून जमवलं कोण, तर माझी सून.

रात्रीच्या जेवणाआधी मी तिला विचारलं, "मुकादम मी, आणि मला बाजूला ठेवून तू जातेस?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालेच असते. केळीचं काम उभ्यानंच होतं. मी केलंय ना आजवर?"

"केलंय," ती म्हणाली आणि माझ्या पायांकडे बघितलं. मग बादली भरायला उठली.

मुलगा ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणाला, "मी तर दिवसभर बसूनच असतो. मला कोणी आळशी म्हणत नाही." मी म्हटलं, "मी म्हणते." तो विषय तिथेच राहिला, पण घास गोड लागला नाही.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

साहेबांनी ऑफिसात बोलावून पंख्याखाली बसवलं, चहा मागवला. "मावशी, तुमच्याइतका अनुभव कोणाला नाही. तुम्हीच सांगा, हे काम बसून होईल?" मी म्हटलं, नाही होणार. हौद उंच आहे, हात पोचायचा नाही, केळं आपटेल. ते मान डोलवत होते. "मला हेच ऐकायचं होतं," म्हणाले.

साहेबांनी माझं मत विचारलं. आईनं इथेच घड डोक्यावरून वाहिले, तेव्हा तारही नव्हती. ऑफिसच्या पायरीवर चढायची तिला मुभा नव्हती. ती आज असायला हवी होती.

सोमवार, १७ ऑगस्ट

काय लिहू. साहेबांनी मला खुर्ची दिली.

उंच पायांची, पाठ असलेली, नवीकोरी. हौदाच्या टोकाला, जिथून सगळी रांग दिसते तिथे ठेवली. "मावशींच्या इतक्या वर्षांच्या सेवेचा मान म्हणून," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.  मग बायकांकडे वळून म्हणाले, "मान हा मागून मिळत नसतो."

मला वाटलं होतं पोरी आता तोंड फिरवतील. पण चिमणीच पुढे आली, पदरानं खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बसा हो मावशी. एक तरी आली." सुनेच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. साहेब जरा गोंधळलेले दिसले. मीही.

बुधवार, १९ ऑगस्ट

मी बसले.

पहिल्या दिवशी मानापुरती टेकले आणि उठले. दुसऱ्या दिवशी थोडा वेळ. आज दुपारनंतर सुरी घेऊन बसूनच काम केलं. हात पोचतो. खुर्चीची उंची बरोबर असली की व्यवस्थित पोचतो. कोपर हौदाच्या कडेला टेकतं आणि सुरी थरथरत नाही. मी साहेबांना ठामपणे उलटं सांगितलं होतं. कधी बसून बघितलंच नव्हतं तर सांगितलं कशाच्या जोरावर, कोण जाणे.

संध्याकाळी गमबूट सहज निघाला. घरी आल्यावर पायात ठोके नव्हते. सुनेला वाटलं मी कुठेतरी जाऊन आले, कारण मी गुणगुणत होते म्हणे.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

आज जे दिसलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

उभी असताना मला हात दिसायचे. सगळ्यांचे हात मी ओळखते. कोणाची सुरी डावीकडून फिरते, कोण फणी घट्ट धरते, मान खाली घालूनही सांगेन. खुर्चीत बसल्यावर डोळे खाली आले आणि हौदाखालून पलीकडच्या रांगेचे पाय दिसले.

पाय काय करतात हे मला माहीतच नव्हतं. एकीनं गमबुटातून पाय काढला होता आणि दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासत होती. एक जण सारखी टाचा उचलत होती. चिमणी एका पायावर उभी होती, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या, आणि वर तोंडानं विनोद चालू. हात सगळ्यांचे शांत होते. खाली सगळी रांग डुलत होती.

माझेही पाय असेच करत असतील. मला वाटायचं मी ताठ उभी आहे.

रविवार, २३ ऑगस्ट

सुनेला म्हटलं, पाय दाखव. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, माझे रोज बघतेस, तेव्हा? मग दाखवले. तिच्या वयाला असे पाय असू नयेत. अजून शिरा वर आलेल्या नाहीत, पण घोट्याभोवती बुटाची कड रुतलेली, आणि बोटांमध्ये पाण्यानं कातडी पांढरी झालेली.

आज बादली मी भरली. दोघींनी एकाच बादलीत पाय सोडले. मुलगा बाहेरून आला आणि दारातच थांबला. "मला जागा आहे का?" म्हणाला. सून म्हणाली, "तुम्ही बसून काम करता, तुम्ही उभे राहा." मी तिला असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. माझी सून विनोदी आहे. एवढी वर्षं एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

बुधवार, २६ ऑगस्ट

पाहणी परवावर आलीय. साहेबांनी आज सगळं समजावून सांगितलं. बाई आल्या की मी खुर्चीत बसलेली असायचं. त्यांनी विचारलं तर सांगायचं, इथे ज्येष्ठ कामगारांची काळजी घेतली जाते. बाकीचं साहेब बोलतील. "एवढं झालं की मुकादमकी कायम समजा."

मी हो म्हणाले. ज्येष्ठ कामगार म्हणजे मी एकटीच ना? तेव्हा खोटं काही नाही. पण मग हे सुनेला सांगावंसं का वाटत नाही?

मला शिट्टी हवी आहे. हे इथे तरी स्पष्ट लिहायला हवं. पुरुषांच्या गळ्यात बघितलेली ती शिट्टी माझ्या गळ्यात छान दिसते. आता वाजवताही येते.

शुक्रवार, २८ ऑगस्ट

सगळं क्रमानं लिहिते.

बाई सकाळीच आल्या. पन्नाशीच्या असतील, साधे कपडे, शेडमध्ये शिरताना स्वतःहून गमबूट मागून घेतले. तेव्हाच मला त्या आवडल्या. हौद बघितला, पाणी बघितलं, फळ्यावरचं वाचलं. साहेब बरोबर चालत होते. मी खुर्चीजवळ होते. बसायचं ठरलं होतं, पण बाई वाकून हौदाखाली बघायला लागल्या आणि माझं बूड काही खुर्चीला लागेना.

"ही कोणाची?" बाईंनी खुर्चीवर हात ठेवून विचारलं.

"मुकादमांची," साहेब म्हणाले. "ज्येष्ठ कामगारांची आम्ही खास सोय करतो."

"छान. मग मावशी, तुम्ही उभ्या का?"

साहेब माझ्याकडे बघत होते. सुरी कोणाचीच चालत नव्हती. मी काही ठरवून बोलले नाही. तोंडून आपोआप निघालं, "एकटीनं बसायला लाज वाटते."

बाईंना ते नीट पोचलं नसावं.  म्हणून मी पुढे सांगितलं, "घरी पंगत बसली आणि वाढायचं फक्त माझ्याच ताटात, असं होतं हे. काम बसून होतं, बाई. मी आठवडाभर करून बघितलं. आधी मीच नाही म्हणत होते. साहेबांनाही मीच तसं सांगितलं, तेव्हा त्यांना बोल नको. पण होतं."

 बाई सुनेच्या टेबलाशी गेल्या, तिला म्हणाल्या, "तुमची जागा मला द्या जरा," आणि चिकटपट्ट्या लावायला लागल्या. त्या तिथे कितीतरी वेळ उभ्या होत्या. साहेबांनी दोनदा चहाचं विचारलं. जाताना बाई किंचित लंगडत होत्या.

शनिवार, २९ ऑगस्ट

साहेबांनी शिट्टी परत मागितली. रागावले नाहीत. "मावशी, या वयात ही जबाबदारी जड जाते, माझ्याच लक्षात यायला हवं होतं," म्हणाले. खुर्ची ऑफिसात नेली. मी परत हौदावर.

गळा रिकामा वाटतो. रडले नाही, पण कांदा चिरायचं काम मागून घेतलं.

नवी मुकादम कोण, तर माझी सून. साहेब म्हणाले, "ती शांत आहे, तिचा त्रास नाही." हे ऐकून चिमणीला एवढा खोकला लागला की तिला बाहेर जावं लागलं.

बुधवार, ९ सप्टेंबर

दिवस तसेच चाललेत. खुर्चीची सवय फार लवकर लागते, ती जायला मात्र वेळ घेते. पाय पुन्हा ठणकतात. पोरी मात्र गंमतच करतात. मी मुकादम नाही तरी मला ट्रे उचलू देत नाहीत, वजनाच्या टेबलाशी बोलावणं अजून चालूच. मी चिमणीला म्हटलं, "आता माझं पद गेलं, आता कसला मान?" ती म्हणाली, "सवय लागलीय हो आम्हाला." साध्या पोरी. बदल पटकन ध्यानात येत नाही त्यांच्या.

सुनेची शिट्टी पहिल्या दिवसापासून खणखणीत वाजली. दोन बोटं तोंडात घालून ती लहानपणापासून वाजवते, असं मुलानं सांगितलं. हेही मला आजच कळलं. तिनं आल्या आल्या फळ्यावरचं ते बसायच्या बंदीचं वाक्य पुसलं. साहेबांनी विचारलं तर म्हणाली, पाण्यानं गेलं.

गुरुवार, २४ सप्टेंबर

खरेदीदार कंपनीकडून कळवलंय की हौदावर आणि टेबलांवर प्रत्येकीला बसायची सोय झाल्याशिवाय इथला माल उचलायचा नाही. साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं. तोंड थोडं कडू होतं, पण सांगितलं.  मग चिमणीनं हौदातलं पाणी ओंजळीनं सगळ्यांवर उडवलं आणि कोणी तिला रागावलं नाही. साहेबांच्या शर्टावरही उडालं. ते बघून न बघितल्यासारखे निघून गेले.

दुपारी सुतार मापं घ्यायला आला. सुनेनं त्याला सरळ माझ्याकडे आणलं. त्यानं माझ्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, मग हौदापासून कोपरापर्यंत. इतर कोणाचं एवढ्या बारकाईनं घेतलं नाही. नमुन्यासाठी माझी निवड झाली, याचा मला आनंद आहे. शेवटी अनुभव लागतोच.

सोमवार, ५ ऑक्टोबर

स्टुलं आली. शेडमध्ये पाय ठेवला तर नव्या लाकडाचा वास केळीच्या वासात मिसळलेला. प्रत्येकीच्या जागेवर एक. माझ्या स्टुलाला तेवढी पाठ आहे, आणि खाली पाय वर ठेवायला फळी. मी चिमणीला विचारलं, हे असं का? "सुताराकडे लाकूड उरलं होतं," ती म्हणाली.

सगळ्या आपापल्या स्टुलाशेजारी उभ्या होत्या. तारेवरून पहिले घड येऊन थांबले होते. सुनेनं शिट्टी वाजवली. तरी कोणी बसेना. एकही हलली नाही. सगळ्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, आणि शिट्टी हातात धरून मुकादमही.

माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं उभं राहिल्यावर बसायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. कोणीतरी रीत घालून द्यायला हवी. तेव्हा मी पुढे झाले, स्टूल ओढलं, पाठ टेकून बसले आणि दोन्ही पाय फळीवर ठेवले.

मग सगळ्या बसल्या. एका दमात, शाळेतल्या मुलींसारख्या. सुनेनं तोंड दुसरीकडे वळवलं, डोळ्यात काहीतरी गेलं असावं. मी पहिली फणी पाण्यातून उचलली. पोरींना आता बसायला जमेल. मी दाखवलंय.